धनुष्याचें लांकूड

गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे एका निराळ्याच कामासाठीं माणसें येऊं लागलीं आहेत. पूर्वीं येत तीं सातबाऱ्याचा उतारा, फेरफाराची नोंद किंवा बांधाची तक्रार घेऊन येत. आणि सेवेंतून निवृत्त झाल्यावरहि महसुली कारकुनाची त्यांतून सुटका होत नाहीं, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेलच. हल्लीं मात्र कोणी तरी आपल्या मुलाचा किंवा मुलीचा हात धरून येतो आणि विचारतो कीं, धनुष्यास कोणतें लांकूड चालेल व तें आपल्या शिवारांत मिळेल काय? शाळांतून तिरंदाजीचा खेळ पसरत चालला आहे. सातारा जिल्ह्यांतील सरडे गांवच्या मजूर कुटुंबांतील प्रवीण जाधव हा २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकांत खेळला, आणि साताऱ्याचीच अदिती स्वामी २०२३ सालीं बर्लिन येथें वयाच्या सतराव्या वर्षीं जगज्जेती झाली. या खेळाडूंच्या हातांतील धनुष्यें कारखान्यांतून आलेलीं व फार मोलाचीं असतात. परंतु आपल्या देशांतील स्पर्धांमध्यें 'इंडियन राउंड' या नांवाचा एक प्रकार आहे. त्यांत बांबूचें किंवा लांकडाचें साधें धनुष्य घेऊन ३० व ५० मीटरांवरील लक्ष्य साधावयाचें असतें. आमच्या बीड जिल्ह्यांतून दरसाल जीं कुटुंबें ऊसतोडीस जातात, त्यांच्या लेकरांसहि पेलेल असा तोच प्रकार होय.

या प्रश्नाचें पहिलें उत्तर आम्हीं चुकीचें दिलें, आणि त्याची किंमत आमच्या घरांतच मोजली. आमच्या मळ्यांत ओढ्याच्या कांठीं थोरल्या बंधूंनीं लावलेलें मानवेल बांबूचें बेट आहे. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत नातीनें हट्ट धरला, म्हणून आम्ही कोयता घेऊन गेलों, बेटाच्या कडेचा सर्वांत सरळ आणि हिरवागार कळक निवडला व सोईसाठीं कमरेइतक्या उंचीवर, कांड्याच्या मधोमध तोडला. आठ दिवसांत धनुष्य तयार झालें आणि दिसावयास सुबकहि झालें. नवव्या दिवशीं पोरीनें तें हनुवटीपर्यंत ओढलें, तों मधोमध फुटलें. बांबूची चीप तिच्या डोळ्याखालीं शिरली. तीन टांके पडले. डोळा वाचला तो बोटभर अंतरानें. इकडे बेटांत राहिलेल्या उंच खुंटाच्या पोकळ तोंडांत पावसाचें पाणी सांचलें, तो कुजला, आणि पुढल्या वर्षीं त्या बाजूस एकहि कोंब वर आला नाहीं.

तें मोडकें धनुष्य आम्हीं अंबाजोगाईकडील एका वृद्ध बुरूड कारागिरास दाखविलें. त्यांनीं तें नखानें टोकरून पाहिलें, हुंगलें आणि म्हणाले, "साहेब, ह्ये तर पोरगं हाय. पोराच्या खांद्यावर जू ठिवलंत तुम्ही." त्यानंतर त्यांच्याजवळ बसून, इतर जाणत्यांस विचारून आणि स्वतः हातानें करून जें आम्हांस कळलें, तें येथें सांगतों.

प्रथम धनुष्य लांकडाजवळ काय मागतें तें पाहूं. दोरी ओढली म्हणजे धनुष्याची जी बाजू लक्ष्याकडे असते तिला 'पाठ' म्हणूं. ती ताणली जाते. जी बाजू आपल्याकडे असते, तें त्याचें 'पोट'. तें दाबलें जातें. म्हणजे एकाच पट्टींत एकीकडे ओढ आणि दुसरीकडे दाब, असे दोन उलटे भार एकाच वेळीं पडतात. ज्या लांकडाची पाठ तुटत नाहीं, पोट चुरगळत नाहीं आणि दोरी सोडतांच जें पुन्हा पहिल्या जागीं झटकन् येतें, तेंच धनुष्याचें लांकूड. नुसता कठीणपणा येथें कामाचा नाहीं. पिंजाऱ्याच्या पिंजणासहि आपण धनुष्याचा आकार म्हणतों, परंतु तिचा दांडा वांकत नाहीं. तेथें नाचते ती तात. तीरकामठ्यांत वांकावयाचें असतें तें लांकडानेंच. म्हणून औताच्या कामास नामांकित असलेलें लांकूड येथें नापास होऊं शकतें, ही गोष्ट शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवावी.

आमच्या जिल्ह्यांत जंगल अगदीं थोडें. बालाघाटाची रांग पाटोद्यापासून धारूर व अंबाजोगाईपर्यंत गेलेली आहे; तिच्या उतारांवर आणि सौताडा, कपिलधार यांसारख्या दऱ्यांत जें कांहीं झाडझाडोरा टिकून आहे, तेवढाच. गोदाकांठ व सिंदफणेचें खोरें तर काळ्या जमिनीचें. तेथें बांधावरच्या बाभळी, लिंब आणि हिवर यांपलीकडे फारसें दिसत नाहीं. तेव्हां 'रानांत जाऊन धनुष्याचें झाड शोधून आणूं' ही कल्पना जिल्ह्यास सोसण्याजोगी नाहीं. एका धनुष्यासाठीं चार झाडांवर कुऱ्हाड चालवून पाहणारे आम्हीं पाहिले आहेत, आणि चारहि वांकडीं निघालेलीं पाहिलीं आहेत. शोध घ्यावयाचा तो आपल्या बांधावर, आपल्या ओढ्याकांठीं, आणि तेथें नसेल तर लावून.

आतां बांबूविषयीं. बांबू म्हणजे सर्व एकच, असा पुष्कळांचा समज असतो. कांटेरी कळकाचीं बेटें मोठीं होतात, पण त्यांच्या बांबूंत पोकळी अधिक. आमच्यासारख्या कोरड्या मुलुखांत जो तग धरतो तो मानवेल. त्याची भिंत जाड असते, आणि खडकाळ, कमी पाण्याच्या जागीं वाढलेल्या मानवेलाचा बुंध्याकडील भाग बहुधा भरीवच निघतो. पाणी भरपूर मिळालेला बांबू उंच व लठ्ठ होतो खरा. धनुष्यासाठीं मात्र हाल सोसलेला बांबू बरा. चिरलेल्या बांबूचें टोंक उन्हांत धरून पाहावें. त्यांत जे काळसर ठिपके दिसतात तेच त्याचे बळकट धागे होत. आंतल्या बाजूस ते विरळ, आणि सालीकडे येतां येतां ज्वारीच्या दाट पेऱ्यासारखे गच्च होत जातात. म्हणून बांबूची चकाकणारी साल नेहमीं धनुष्याच्या पाठीस ठेवावी आणि तिला हत्यार लावूं नये. जें तासावयाचें तें आंतल्या बाजूनें. पेरांवरचे उंचवटे डोळ्यांस खुपतात म्हणून कानशीनें साफ करणारे लोक असतात; तेथील धागे कापले गेले कीं धनुष्य नेमकें त्याच पेरावर तुटतें.

बांबूचें वय ओळखणें हें या कामाचें मूळ. नवा कोंब दोन-तीन महिन्यांतच पूर्ण उंची व पूर्ण जाडी गांठतो; पुढें तो जाडींत वाढत नाहीं, आंतून पक्व होत जातो. याच कारणानें आम्ही फसलों. एका वर्षाचा कळक आणि चार वर्षांचा कळक आकारानें सारखेच दिसतात. परंतु पहिल्या वर्षीं अंगावर पांढुरकी भुकटी असते आणि पेरांशीं वाळक्या खोळी चिकटून राहतात. पुढें खोळी गळतात, हिरवेपणा फिका पडून पिवळसर छटा येते, सालीवर बुरशीसारखे करडे डाग धरूं लागतात, आणि कोयत्याच्या पाठीनें ठोकलें असतां आवाज बद्द न येतां खणखणीत येतो. तीन ते चार वर्षांचा कळक धनुष्यास उत्तम. त्याहून फार जुना झाला कीं ठिसूळपणा येऊं लागतो.

ज्यांस हीं लक्षणें जुळवीत बसण्याचा कंटाळा असेल, त्यांच्यासाठीं आम्हीं आमच्या जन्मजात कारकुनीस शोभेल अशी युक्ति केली आहे. दरसाल कार्तिकांत त्या वर्षींच्या नव्या कळकांवर, छातीइतक्या उंचीवर, ऑइलपेंटनें सालाचा आंकडा घालावयाचा. घरचीं माणसें याला बेटाचें जन्ममृत्यूचें रजिस्टर म्हणून हंसतात. हंसोत, पण आतां कोणताहि कळक तोडण्यापूर्वीं त्याचें वय कोणास विचारावें लागत नाहीं.

तोडण्याचा काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. यास कारण आहे. उन्हाळ्यांत बांबूच्या पोटांत पिठासारख्या अन्नाचा सांठा भरलेला असतो. पावसाळ्यांत नव्या कोंबांस पोसतांना तो खर्ची पडतो. भुंगेरे बांबू पोखरतात ते या पिठासाठींच. पीठ खर्चलेला बांबू पावसाळा सरल्यावर तोडला तर कीड कमी लागते, आणि भर उन्हाळ्यांत तोडला तर चार-सहा महिन्यांत खालीं पिवळी पूड गळूं लागते. उलट पावसाळ्यांत बेटांत शिरणें म्हणजे कोवळे कोंब पायांखालीं तुडविणें. अंधाऱ्या पक्षांतच बांबू तोडावा असें जुने लोक सांगतात. चंद्राचा यांत किती हात आहे तें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु आमच्या अंबाजोगाई-परळीकडे वेळाअमावास्येस सारे शेतांत जातात, त्याच दिवसांत बांबू तोडण्याची चाल आम्हीं धरली आहे. ऋतूहि साधतो आणि वडीलधाऱ्यांचा शब्दहि राहतो.

तोडतांना कळक जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पेरावर, पेराच्या लगेच वरून, धारदार हत्यारानें एका घावांत तोडावा. पेर म्हणजे बांबूचें झांकण. त्याच्या लगेच वर तोडल्यास पाणी सांचावयास वाटी उरत नाहीं. कांड्याच्या मधोमध तोडला तर आमच्या खुंटासारखी गत होते. यंदाचे आणि गेल्या सालचे कळक कधींहि तोडूं नयेत, कारण पुढील कोंब त्यांच्याच मुळांतून व त्यांच्याच बळावर फुटतात. जुने कळक बेटाच्या मध्यभागीं असतात व कोंवळे कडेस. त्यामुळें हात पोंचतो तेथील तोडण्याचा मोह अनावर होतो. यावर जाणते लोक बेटाच्या एका बाजूनें घोड्याच्या नालाच्या आकाराची वाट आंत काढतात आणि मधलेच कळक बाहेर ओढतात. एका बेटांत निदान आठ-दहा चांगले कळक सदैव उभे राहिले पाहिजेत. आणखी एक गोष्ट. मानवेलास बहुधा २५ ते ४५ वर्षांनीं फुलोरा येतो आणि बीं धरून बेट मरतें. फुलोरा दिसला म्हणजे वाट न पाहतां पक्व कळक काढून घ्यावेत, खालीं पडलेलें बीं राखावें आणि दुसरीकडे रोपें करावीं.

तोडलेला कळक लगेच चिरूं नये. डहाळ्यांसह दोन-चार दिवस सावलींत उभा टेकून ठेवावा, म्हणजे पानें आंतील ओल ओढून घेतात. मग वाहत्या पाण्यांत तीन-चार आठवडे दगडाखालीं दाबून ठेवला असतां उरलेलें पीठहि निघून जातें. पाण्यास दुर्गंधि सुटते ती याच कारणानें. घरच्या हौदांत हा प्रयोग करणारास घरची मंडळी क्षमा करीत नाहींत, हें अनुभवानें सांगतों. नंतर उभा चिरून पट्ट्या कराव्या व हवेशीर सावलींत आडव्या, खालीं तीन जागीं टेकू देऊन, निदान सहा महिने वाळवाव्या. थोडा बांक असेल तर निखाऱ्यावर दूर धरून, सालीवर घाम सुटेपर्यंत शेकून, गुडघ्यावर सरळ करावा.

बांबूखेरीज जीं झाडें आहेत, त्यांत पहिलें नांव धामणीचें. धामण म्हटल्यावर आपल्याकडे कोणास साप आठवतो, कोणास चाऱ्याचें गवत. परंतु येथें सांगतों तो वृक्ष आहे. सह्याद्रीच्या व विदर्भाच्या पानझडी जंगलांत तो आढळतो, त्याची फळें वाटाण्याएवढीं व काळीं असतात, आणि सालीचे दोर वळतात. त्याचें लांकूड लवचिकपणाबद्दल फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे; कावडीचे दांडे, कुऱ्हाडीचे दांडे आणि धनुष्यें त्याचीं करीत आले आहेत. आमच्या जिल्ह्यांत त्याच्या भरवशावर मात्र राहूं नये. त्याऐवजीं त्याच्याच गोतांतला फालसा लावावा. फालशाचें आंबटगोड फळ बाजारांत विकतें, झुडूप उन्हास दाद देत नाहीं, आणि त्याच्याहि लांकडाचीं धनुष्यें व ओझें वाहण्याचे दांडे करीत असत. फळासाठीं फालशाची दरसाल छाटणी करतात, त्यामुळें सोट मिळत नाहीं. म्हणून दहा झुडपांत एकाचा एक सरळ धुमारा छाटल्यावांचून चार-पांच वर्षें राखावा व त्याच्या बाजूच्या फुटी कोवळ्या असतांनाच अंगठ्यानें खुडाव्या. कोवळेपणीं खुडलेल्या फुटीची गांठ लांकडांत राहत नाहीं.

दुसरें झाड आमच्या शेतकऱ्यांच्या दारांतच आहे, पण त्याकडे कोणी या दृष्टीनें पाहत नाहीं. तें तुती. रेशीमकिडे पाळण्यासाठीं बीड जिल्ह्यांत तुतीची लागवड पुष्कळ झाली आहे. पंजाबांत हॉकीच्या काठ्या तुतीच्या करतात; चेंडूचा तडाखा खाऊन जें लांकूड फुटत नाहीं त्यांत कांहीं तरी गुण असलाच पाहिजे. कारागिरांविषयींच्या एका अतिप्राचीन चिनी ग्रंथांत धनुष्याच्या सात काष्ठांची प्रतवारी दिली आहे. तींत रानतुतीस वरचें स्थान असून बांबू सर्वांत शेवटीं घातला आहे. अमेरिकेंतील मूळच्या लोकांनीं ज्या झाडास धनुष्यासाठीं सर्वांत मान दिला तें 'ओसेज ऑरेंज'हि तुतीच्याच कुळांतलें. अर्थात् पाल्यासाठीं दरसाल कापलेल्या तुतीच्या फांद्या या कामास निरुपयोगी. मळ्याच्या कोपऱ्यावर एक झाड सोटानें वाढूं द्यावें, आणि मनगटाएवढें जाड झालें म्हणजे थंडींत तोडावें.

बाभळीविषयीं आम्हांस वारंवार विचारतात. नांगर, वखर, तिफण, गाडीचा आंख यांस बाभळीसारखें दुसरें लांकूड नाहीं, हें आम्ही कोण सांगणार! परंतु पांच फूट सरळ आणि बिनगांठीची बाभूळ ज्याला सांपडेल त्यानें ती धनुष्यांत न घालवतां जपावी. धावडा चिवट आहे, कुऱ्हाडीच्या दांड्यास नामी आहे. पण वाळतांना तडकतो व पिळतो, म्हणून चार तोडावे तेव्हां एक हातीं लागतो, आणि आमच्या डोंगरांत तेवढे धावडे उरले नाहींत. सुबाभूळ सरळ मिळते म्हणून एकदां तिचें धनुष्य करून पाहिलें. दोन दिवसांत तें वांकलें तें वांकलेंच. दोरी काढली तरी चंद्रकोरीसारखें राहिलें. सध्यां तें परसांत काकडीचा वेल चढविण्याच्या कामीं आलें आहे.

उभें झाड निवडतांना सालीच्या रेघा पाहाव्या. रेघा खोडाभोंवतीं दोराच्या पिळासारख्या फिरत असतील तर आंतील लांकूडहि पिळलेलें असतें; तें सोडून द्यावें. उतारावर तिरपें वाढलेलें झाडहि नको. मनगटाएवढा सोट, धनुष्य करणाराच्या उंचीहून दोन वितीं अधिक लांब, एका बाजूस तरी गांठींवांचून, एवढें मिळालें तर पुरे. मोठें झाड पाडण्याचें कारणच नाहीं. तोडल्यावर त्याच दिवशीं दोन्हीं टोंकांस शेण व चिकणमाती यांचा जाड लेप द्यावा, किंवा घरांत उरलासुरला रंग असेल तो फांसावा. लांकडांतील ओल टोंकांतून फार वेगानें बाहेर पडते, आणि टोंक आधीं वाळून आकसलें कीं चीर आंतपर्यंत धांवते. सोट मधोमध उभा चिरून दोन फांका कराव्या, कारण अखंड गोल लांकूड वाळतांना तडकल्याखेरीज राहत नाहीं. सालीखालचा पहिला थर हीच धनुष्याची पाठ. साल काढतांना त्या थरास कोयत्याची कड लागूं देऊं नये.

वाळविण्याचा जुना हिशेब असा कीं, एक इंच जाडीस एक वर्ष. आमच्या वैशाखांतील ऊन पाहून हा हिशेब कमी करण्याची इच्छा होते, पण तीच घातक. उन्हांत टाकलेलें लांकूड वरून वाळतें व आंतून ओलें राहतें. माळवदाचें घर ज्यांचें अजून शाबूत आहे त्यांनीं फांका तुळईखालीं टांगाव्या. तेथें उन्हाळ्यांतहि गारवा असतो आणि चुलीचा धूर लागला तर कीडहि दूर राहते. पत्र्याखालीं मात्र टांगूं नयेत. वाळलें किंवा नाहीं हें वजनावरून कळतें. तराजूंत तोलून तारीख व वजन फांकेवरच लिहावें. दोन महिन्यांच्या अंतरानें दोनदां तोलून वजन तेंच भरलें म्हणजे लांकूड तयार झालें.

आतां कायद्याविषयीं थोडें, कारण त्यावांचून आमच्यासारख्याचा लेख पुरा होत नाहीं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमांत 'झाड' या शब्दाच्या व्याख्येंत बांबूहि धरलेला होता, त्यामुळें शेतकऱ्यानें स्वतः लावलेला बांबूहि तोडतांना व नेतांना परवान्याच्या फेऱ्यांत सांपडे. २०१७ सालच्या दुरुस्तीनें बांबू त्या व्याख्येंतून वगळला गेला. तेव्हां आपल्या शेतांतील बांबू तोडण्यास त्या कायद्याची अडचण राहिली नाहीं. वनजमिनीवरील बांबूस ही मोकळीक नाहीं. झाडांविषयीं महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा अधिनियम आहे. त्याच्या अनुसूचींत साग, मोह, चिंच, आंबा, खैर, तिवस, अंजन, जांभूळ इत्यादि झाडें आहेत. तीं स्वतःच्या शेतांत असलीं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीखेरीज तोडतां येत नाहींत. तिवसाचें लांकूड फार चिवट म्हणून कोणी त्याची शिफारस करील, त्यानें हें ध्यानांत घ्यावें. गायरान व देवस्थान इनामाची जमीन यांवरील झाड 'कोणाचेंच नाहीं' असें समजून तोडणारांचे पंचनामे आम्हीं कित्येक लिहिले आहेत. आणि धनुष्य हातीं आलें म्हणून मोर, ससा, हरिण किंवा पिकांत शिरलेलें डुक्कर यांवर बाण टाकूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वयें तो गुन्हा आहे. पाटोदा तालुक्यांत तर मोरांसाठीं नायगांवचें अभयारण्यच राखलेलें आहे. डुकरांच्या नुकसानीची दाद वनखात्याकडे अर्ज करून मागावी.

धनुष्य घडविण्याची सर्व कृति येथें देण्यास जागा नाहीं. सुतार किंवा बुरूड जवळ असल्यास ती त्यांच्याकडूनच पाहून घ्यावी. दोन-तीन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. अखंड लांकडाचें किंवा बांबूचें धनुष्य वापरणाराच्या उंचीइतकें तरी लांब असावें; आंखूड धनुष्य लवकर मोडतें. मूठ जाड ठेवून दोन्हीं बाहू टोंकांकडे निमुळते करीत न्यावे. नवें धनुष्य एकदम पूर्ण ओढूं नये. भिंतीवर खुंटीस मूठ टेकवून दोरी वीतभर ओढावी, दोन्हीं बाहूंचा बांक सारखा आहे कीं नाहीं तें दुरून पाहावें, जो बाहू ताठ दिसेल तो पोटाच्या बाजूनें किंचित् तासावा, आणि मग चार बोटें अधिक ओढावी. बारा वर्षांच्या मुलास सात-आठ किलोंची ओढ पुष्कळ झाली.

दोरीचें सामान तर आपल्या शेतांत फुकट उभें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आयुधागाराच्या प्रकरणीं ताड, बांबू, लांकूड व शिंग यांचीं धनुष्यें सांगितलीं असून दोऱ्यांसाठीं मूर्वा, रुई, ताग, बांबू यांचे धागे आणि स्नायू इत्यादि सांगितले आहेत. नंदुरबारकडील भिल्ल आजहि बांबूच्या सालीच्या चिपेची दोरी बांबूच्याच धनुष्यास लावतात. आमच्याकडे तागाची तीनपदरी दोरी मेण लावून पुरते. रुईचा धागा तागाहून नाजूक आणि चिवट निघतो, पण तो काढण्यास धीर पाहिजे, आणि चीक डोळ्यांस लागूं देतां कामा नये.

काम झालें कीं दोरी उतरवावी. पांडवांनीं अज्ञातवासापूर्वीं शमीवर शस्त्रें ठेवलीं तेव्हां आधीं धनुष्यांच्या दोऱ्या सैल केल्या, अशी कथा महाभारताच्या विराटपर्वांत आहे. दसऱ्यास सौंदडीची पूजा आपण दरसाल करतों, पण ही गोष्ट त्या बुरूड कारागिरांनीं सांगेपर्यंत आमच्या कधीं लक्षांत आली नव्हती. चढविलेल्या दोरीनिशीं खुंटीस टांगलेलें धनुष्य महिनाभरांत आपली ताकद गमावून बसतें.

आमच्या नातीच्या गालावर वण राहिला आहे. पुष्कळ दिवस ती धनुष्यास हात लावीत नव्हती. गेल्या वर्षीं वेळाअमावास्येस आम्हीं बेटांतील चार वर्षांचा एक कळक काढला, तो ओढ्यांत महिनाभर ठेवला, आणि पट्ट्या तुळईखालीं टांगल्या. यंदा दिवाळीनंतर त्यांचें वजन दोनदां सारखें भरलें. पहिलें धनुष्य आम्हीं स्वतः तीनशें वेळां ओढून पाहिलें आणि मगच तिच्या हातीं दिलें. दुसऱ्या पट्टीचें धनुष्य गांवांतील एका ऊसतोड कुटुंबाच्या मुलीसाठीं केलें. आईबाप कारखान्यावर गेले असतां ती आजीजवळ राहून शाळा करते, आणि आमच्या नातीहून चांगला नेम धरते. तिसरी पट्टी अद्याप तशीच आहे. बेटाच्या मेलेल्या बाजूस या पावसाळ्यांत दोन कोंब आले. कार्तिकांत त्यांवर आंकडा घातला आहे, आणि चार वर्षें त्यांस कोणी हात लावावयाचा नाहीं.